पडद्यावरचा शोधपत्रकार: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातले प्रेक्षक, कॉलेजची मुलं आणि एकांकिका-लघुपट लिहिणारी मंडळी शोधपत्रकारांच्या चित्रपटांबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न पाहणाऱ्यांचे आहेत, पुढचे मुख्यतः लिहिणाऱ्यांचे. कायद्याची उत्तरं पटकथेपुरती आहेत. प्रत्यक्ष खटल्याचा प्रसंग आला तर वकील गाठावा.

१. चित्रपटात पत्रकार असला की तो शोधपत्रकाराचा चित्रपट झाला का?

नाही. कथेतली गाठ बातमीदारीच्या कामाने सुटते का, हे बघायचं. कागद मिळवणं, माणसांना बोलतं करणं, मिळालेलं पडताळणं आणि छापणं, यातलं काहीही काढलं तर कथा कोसळली पाहिजे. 'नायक' (२००१) मध्ये अनिल कपूर वाहिनीचा माणूस आहे आणि मुख्यमंत्र्यांची ती मुलाखत अजून लोकांच्या तोंडी आहे. पण पुढची सगळी कथा एका दिवसाच्या मुख्यमंत्र्याची आहे, म्हणून तो या यादीत येत नाही. 'जाने भी दो यारो' (१९८३) येतो. त्यातल्या दोन छायाचित्रकारांनी बागेत काढलेला फोटो मोठा करत नेल्यावर खून दिसतो आणि कथा तिथून धावते. त्याच चित्रपटात भक्ती बर्वेंची संपादिका शोभा पुरावा हाती आल्यावर छापण्याऐवजी सौदा करायला बसते. पत्रकार-नायकाच्या चित्रपटात खलनायकही पत्रकारच असू शकतो, हे तिथे फार लवकर दिसलं.

२. पहिल्यांदाच बघणार आहे. कुठल्या क्रमाने बघू?

आधी 'सिंहासन' (१९७९), कारण भाषा आणि राजकारण दोन्ही ओळखीचं आहे. मग अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणावरचा 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' (१९७६) आणि बोस्टनच्या पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार उघड करणाऱ्या पत्रकारांवरचा 'स्पॉटलाइट' (२०१५) लागोपाठ, म्हणजे टाइपरायटरच्या काळातली आणि संगणकाच्या काळातली पद्धत शेजारी ठेवून बघता येते. त्यानंतर 'न्यू दिल्ली टाइम्स' (१९८६). यात शशी कपूरचा संपादक एका राजकीय खुनाचा माग काढतो आणि शेवटी लक्षात येतं की एका नेत्याने दुसऱ्याविरुद्ध त्यालाच वापरून घेतलं. या भूमिकेसाठी शशी कपूरना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मालिका बघायची असेल तर 'स्कॅम १९९२' (२०२०) आणि 'स्कूप' (२०२३). 'पीपली लाइव्ह' (२०१०) मुद्दाम शेवटी ठेवा. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

३. मराठीत या प्रकारचं काय आहे?

दोन कामं अशी आहेत की त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिलं 'सिंहासन'. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार सगळीकडे हजर असतो: मुख्यमंत्र्यांच्या दालनात, अर्थमंत्र्यांच्या गोटात, कामगार पुढाऱ्याकडे. सगळं त्याला कळतं आणि त्यातलं फार थोडं छापता येतं. शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. तो नायक आहे की नाही यावर दरवेळी वाद होतो. आमच्या मते आहे, कारण प्रेक्षक संपूर्ण सत्ता त्याच्याच डोळ्यांनी बघतो आणि माहिती असूनही बातमी न होणं म्हणजे काय, ते त्याच्याइतकं कुणीच दाखवलेलं नाही.

दुसरं तेंडुलकरांचं 'कमला' हे नाटक. 'इंडियन एक्सप्रेस'च्या अश्विनी सरीन यांनी १९८१ मध्ये बायकांची खरेदी-विक्री उघड करण्यासाठी स्वतः एका बाईला विकत घेऊन बातमी दिली होती. नाटकाची ठिणगी ती. नाटकातला जयसिंग जाधव कमलाला २५० रुपयांना विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. घरी मात्र कमला त्याच्या बायकोला, सरिताला, साधेपणाने विचारते की तुम्हाला केवढ्याला घेतलं. बातमी खरी आहे, तरी बातमीदार स्वतःच्या घरात काय करतो आहे, हा प्रश्न उरतोच. महाविद्यालयीन स्पर्धेसाठी पत्रकारावर काही लिहिणार असाल तर आधी ही संहिता वाचा.

४. कन्नड समजतं. तिकडे काय बघू?

शंकर नाग यांचा 'ऍक्सिडेंट' (१९८५). नशेतल्या श्रीमंत मुलाची गाडी रस्त्याकडेला झोपलेल्या गरिबांवर जाते, बाप राजकारणी आहे आणि प्रकरण दाबण्याचे प्रयत्न सुरू होतात. माग काढणाऱ्या पत्रकाराचं काम स्वतः शंकर नाग यांनी केलं आहे. दुसरा पवन कुमार यांचा 'यू टर्न' (२०१६). बंगळूरच्या उड्डाणपुलावर दुभाजकाचे दगड सरकवून बेकायदा वळणाऱ्या दुचाकीस्वारांवर एक शिकाऊ वार्ताहर बातमी करत असते. तिच्याकडे गाड्यांचे नंबर असतात आणि एकेक चालक मेलेला सापडतो. पुढे कथा भुताखेताकडे जाते, पण पहिला अर्धा तास बातमी कशी सुचते आणि नंबरावरून माणसापर्यंत कसं जातात, याचा चांगला धडा आहे.

५. 'सत्य घटनेवर आधारित' लिहिलेलं असतं, त्यातलं किती खरं?

घटना आणि तारखा बहुधा खऱ्या असतात, संवाद आणि माणसांचा क्रम बदललेला असतो. 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'मधलं सगळ्यात गाजलेलं वाक्य, पैशाचा माग काढा, हे वॉटरगेट उघड करणाऱ्या पत्रकारांच्या मूळ पुस्तकात नाहीच, पटकथेत आलं. गॅरेजमध्ये भेटून माहिती देणारा गुप्त माणूस मात्र खरा होता. तो एफबीआयचा वरिष्ठ अधिकारी मार्क फेल्ट, हे २००५ मध्ये उघड झालं. 'द पोस्ट' (२०१७) बघून वाटतं की पेंटागॉनची (अमेरिकी संरक्षण खात्याची) व्हिएतनाम युद्धावरची गुप्त कागदपत्रं 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बाहेर काढली. प्रत्यक्षात १३ जून १९७१ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापायला सुरुवात केली होती. 'पोस्ट' नंतर आला. 'स्कॅम १९९२'चा कणा खरा आहे: स्टेट बँकेतल्या घोटाळ्याची सुचेता दलाल यांची बातमी २३ एप्रिल १९९२ ला 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली.

पडताळायचं असेल तर चित्रपटातली बातमी ज्या तारखेला छापून येते, त्या तारखेचा खरा अंक शोधा. पहिल्या बातमीत काय होतं आणि काय नव्हतं, ते बघितलं की पटकथाकाराने काय जोडलं हे लगेच कळतं.

६. पडद्यावर दाखवतात तसं काम खरंच चालतं का?

चांगल्या चित्रपटात चालतं, आणि ते बऱ्यापैकी कंटाळवाणं असतं. 'स्पॉटलाइट'मध्ये मुलांवर अत्याचार करणारे पाद्री शोधायला चौघांची तुकडी चर्चच्या वार्षिक निर्देशिका घेऊन बसते. कुठला पाद्री कुठल्या वर्षी कुठल्या चर्चमध्ये होता हे त्यात छापलेलं असतं. ज्यांच्या नावापुढे 'आजारी रजा' किंवा 'नेमणूक नाही' असं वारंवार येतं, त्यांची नावं पट्टी लावून एकेक ओळ तपासत तक्त्यात भरतात. ही पुस्तकं कुणीही मागू शकलं असतं. सगळ्यांसमोर पडलेल्या कागदाला योग्य प्रश्न विचारणं, यात त्यांचं कसब आहे. ६ जानेवारी २००२ ला पहिली बातमी आली आणि २००३ मध्ये 'बोस्टन ग्लोब'ला पुलित्झर मिळालं. त्याच चित्रपटात हेही दिसतं की काही वर्षांपूर्वी याच वर्तमानपत्राकडे पाद्र्यांची यादी आली होती आणि ती आतल्या पानात विरून गेली होती.

लिहिताना यातून घ्यायचं ते असं: नायकाला एक कंटाळवाणा दस्तऐवज द्या, त्यातून एकच विसंगती शोधायला लावा आणि ती विसंगती प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. पेनड्राइव्ह आयता हातात पडला की नायकाचं काम संपतं आणि प्रेक्षकाचं लक्षही.

७. कथा बेळगाव परिसरात घडते. कोणती कार्यालयं आणि कागद दाखवायचे?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण लिहिणारा मराठी चित्रपटांवर वाढलेला असतो आणि नकळत महाराष्ट्रातलं कार्यालय कर्नाटकात आणून ठेवतो.

जमिनीपासून सुरू करू. महाराष्ट्रात सातबारा असतो. इथे पहाणी किंवा आरटीसी. घरात लोक नुसतं 'उतारा' म्हणतात. तो कन्नडमध्ये असतो आणि राज्याच्या 'भूमी' या संगणकीकृत जमीन-नोंद प्रणालीतून निघतो. मालकाचं नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा, क्षेत्र एकर-गुंठ्यात (४० गुंठे म्हणजे १ एकर), पीक आणि बोजा हे त्यावर दिसतं. नुसता आजचा उतारा दाखवून घोटाळा सिद्ध होत नाही. नाव कधी आणि कशाच्या आधारे बदललं हे म्युटेशनच्या (फेरफाराच्या) नोंदीत असतं, म्हणून तुमच्या वार्ताहराने दोन्ही मागितले पाहिजेत. तिसरा कागद उपनोंदणी कार्यालयातला ईसी: त्या मिळकतीवर कोणकोणते नोंदणीकृत व्यवहार झाले याची यादी. उताऱ्यावरचं नाव आणि ईसीतला शेवटचा खरेदीदार जुळत नसतील तर तुमची कथा तिथे सुरू होते. जुळत नसण्याचं साधं कारणही असू शकतं, जसं वारसाने आलेली जमीन, जिची खरेदी कधी झालीच नाही. चांगला वार्ताहर आधी ती शक्यता तपासतो.

गावठाणातल्या घर-जागेसाठी ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत-नोंदीचा) नमुना ९ आणि ११ लागतो. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक शोधू नका. इथे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) असतो, आणि सरपंचाऐवजी पंचायतीचा अध्यक्ष. होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली मंडळाच्या) पातळीवर नाडकचेरी हे महसूल कार्यालय, तालुक्याला तहसीलदार, जिल्ह्याला डीसी (जिल्हाधिकारी). लोक बोलताना तलाठी म्हणतात, पण पाटीवरचं पद वेगळं असतं. पाटी दाखवणार असाल तर कन्नड नाव बरोबर लिहून घ्या. शहरातल्या लेआउटचं प्रकरण असेल तर 'बुडा', म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण.

लाच घेताना सापळा दाखवायचा असेल तर तो लोकायुक्त पोलिसांचा. २०१६ मध्ये कर्नाटकात वेगळा एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) झाला होता, पण ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे कथा कोणत्या वर्षात घडते ते आधी ठरवा. उच्च न्यायालयात जायचं तर बेळगावचा माणूस धारवाड खंडपीठात जातो, मुंबईला किंवा कोल्हापूरला नव्हे. मंत्र्यांना गाठण्याचा प्रसंग बेळगावातल्या सुवर्ण विधानसौध या विधिमंडळ इमारतीत घेता येतो. ती इमारत ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली आणि बहुतेक वर्षी डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सगळं सरकार तिथे येतं. वर्षातले तेवढेच दिवस तालुका वार्ताहराला मंत्री हाताच्या अंतरावर मिळतो. त्या दिवसांत आंदोलकांची रांगही बाहेर असते, म्हणजे पार्श्वभूमी आयती मिळते.

जुन्या कागदाचा धागा असेल तर लक्षात ठेवा: १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्याआधीच्या नोंदी अनेक ठिकाणी मराठीत सापडतात, त्याहून जुन्या मोडीत. नातवाला कन्नड उतारा वाचता येतो आणि आजोबांचा मोडी कागद येत नाही, हा प्रसंग या भागात खरोखर घडतो आणि पडद्यावर क्वचितच आला आहे.

८. माहिती अधिकाराचा प्रसंग अचूक कसा लिहायचा?

अर्ज माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, शुल्क १० रुपये, कारण सांगायची गरज नाही. कर्नाटकच्या नियमांत दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत.  उत्तरासाठी ३० दिवस, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज त्यांनीच ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. प्रतीचा दर पानाला २ रुपये.

उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचा निकाल ३० ते ४५ दिवसांत. त्यानंतर ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरं अपील; आयोगाचं बेळगावात पीठ आहे. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पटकथेत हे दिवस मोजा. १ जूनला अर्ज टाकला तर पहिल्या अपिलाचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर येतो आणि दुसऱ्या अपिलाची मुदत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पोचते. पेरणीत सुरू झालेला शोध ऊसतोडीपर्यंत आला. साखर कारखान्यावर कथा असेल तर हा काळ तुमच्या बाजूने काम करतो.

अर्जात 'रस्ता खराब का झाला?' असं विचारलं की उत्तर येतं, माहिती उपलब्ध नाही. कायद्यात मागता येतो तो अस्तित्वात असलेला कागद. म्हणून कामाचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, बिलाची प्रत, ठेकेदाराला पैसे दिल्याची तारीख, असं नेमकं मागायचं. मोजमाप पुस्तिकेत खडीची जाडी लिहिलेली असते; वार्ताहराने रस्त्याची कड उकरून पट्टी लावली की प्रसंग उभा राहतो.

९. अर्ज मराठीत चालेल का?

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा. बेळगावात राजभाषा कन्नड, त्यामुळे मराठी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. हिंदीचा पर्याय कायद्याने खुला आहे आणि मराठी माणसाला तो सोपा पडतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. तक्रारीचं निवेदन ही वेगळी गोष्ट. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. म्हणजे तुमचं पात्र निवेदन मराठीत देईल आणि माहिती हिंदीत किंवा कन्नडमध्ये मागेल. हा बारकावा संहितेत आला की इथला प्रेक्षक ओळखतो की लिहिणाऱ्याने घरचा अभ्यास केला आहे.

१०. आमचा नायक तालुक्याचा वार्ताहर आहे. त्याचं रोजचं काम कसं दाखवू?

हा प्रश्न आला की आनंद होतो, कारण पडद्याने या माणसाकडे फार कमी पाहिलं आहे. चित्रपटातला पत्रकार काचेच्या कार्यालयात बसतो. तालुक्याचा वार्ताहर दुचाकीवर असतो, बातमी मोबाइलवर टाइप करून पाठवतो, आणि पुष्कळदा त्याचं दुसरं काही तरी चालू असतं: शेती, दुकान, शिकवणी. त्याला मिळणारं मानधन तुटपुंजं असतं आणि अनेक ठिकाणी खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर असते. तुमच्या नाटकाचा खरा ताण इथे आहे. ज्या कारखान्याच्या काट्यात मारलेल्या मापाची बातमी त्याच्या खिशात आहे, त्याच कारखान्याची दिवाळीची जाहिरात त्याने आणायची असते. गुंड पाठवायची गरजच पडत नाही. एक फोन पुरतो आणि तो फोन बहुधा गोड आवाजात येतो.

दुसरा ताण छोट्या गावाचा. मुंबईचा पत्रकार बातमी छापून घरी जातो. इथे ज्याच्याविरुद्ध छापलं तो दुसऱ्या दिवशी लग्नात शेजारच्या पंगतीला असतो, आणि आईला 'काकू, तुमच्या पोराला सांगा जरा' म्हणतो.

तिसरी गोष्ट, बातमीचं श्रेय. 'पीपली लाइव्ह'मध्ये आत्महत्या करणार म्हणून सांगणाऱ्या नथ्था या शेतकऱ्याची गोष्ट पहिल्यांदा शोधतो तो गावचा राकेश (नवाजुद्दीन सिद्दीकी). दिल्लीच्या वाहिन्या येतात आणि त्याची बातमी त्याच्या हातून जाते. शेवटी आगीत तो मरतो, प्रेत नथ्थाचं समजलं जातं आणि त्याचं नावही कुणी घेत नाही. राकेशला मध्यभागी ठेवून अख्खी कथा लिहिली जायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

भाषेचंही बघा. इथला वार्ताहर पोलिस ठाण्यात कन्नड बोलतो, बातमी प्रमाण मराठीत लिहितो आणि मित्राला 'कुठं जाऊलालास?' विचारतो. तिन्ही ठिकाणी एकच पुणेरी बोली घातली की पात्र मेलंच.

११. छुपा कॅमेरा वापरला तर नायक कायद्याने वाचतो का?

आपोआप नाही. २००१ मध्ये 'तहलका'ने संरक्षण खरेदीतली लाचखोरी छुप्या कॅमेऱ्याने दाखवली आणि देश हादरला. पण २००७ मध्ये दिल्लीतल्या एका शिक्षिकेविरुद्ध एका वाहिनीने केलेलं स्टिंग बनावट निघालं, तोवर जमावाने तिला मारहाण केली होती. २००९ च्या आर. के. आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जनहितासाठी केलेलं स्टिंग ग्राह्य मानलं, तर २०१४ च्या रजत प्रसाद निकालात सांगितलं की स्टिंग करणाऱ्याला गुन्ह्यातून सरसकट सूट नाही. हेतू आणि पुरावा तपासला जाईल. पटकथेत तीन गोष्टी ठेवा: चित्रीकरणाआधी संपादकाची लेखी मंजुरी, न कापलेलं मूळ चित्रण जपून ठेवणं, आणि समोरच्याला आमिष दाखवलं की तो आधीच मागत होता याचं स्पष्ट उत्तर.

१२. सूत्राचं नाव सांगायला न्यायालय भाग पाडू शकतं का?

हो. परदेशी चित्रपट बघून वाटतं की पत्रकाराला गप्प राहण्याचा हक्क आहे. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५ मध्ये संरक्षण आहे, पण ते फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. विधी आयोगाने १९८३ मध्ये न्यायालयांसाठीही तरतूद सुचवली होती, ती कायद्यात आली नाही. तुमच्या नायकाने न्यायालयात नाव सांगायला नकार देण्याचा प्रसंग म्हणूनच इथे जास्त वजनदार होतो: त्याच्या पाठीशी कलम नसतं, फक्त दिलेला शब्द असतो. आणि आज सूत्र उघडं पडतं ते बहुधा जप्त झालेल्या मोबाइलमधून, तेव्हा तेही दाखवा.

१३. खऱ्या प्रकरणावर लिहिलं आणि नावं बदलली, तर बदनामीचा दावा टळतो का?

नाव बदलल्याने टळत नाही. गावाला माणूस ओळखता आला की पुरे. 'साम्य आढळल्यास योगायोग समजावा' ही पाटी ढाल नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणात जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं ४९९-५००) दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि मृत व्यक्तीची बदनामीही त्यात येते, जर तिच्या जवळच्या नातेवाइकांना दुखावण्याचा हेतू असेल. सत्य हा बचाव आहे, पण सोबत लोकहितही दाखवावं लागतं. व्यवहार्य मार्ग असा: घोटाळ्याची पद्धत खरी ठेवा, माणसं, नाती, गाव, पद आणि वर्ष सगळं एकदम बदला. एखाददुसरीच गोष्ट बदललेली संहिता सगळ्यात धोक्याची.

१४. अत्याचाराचं प्रकरण उघड करणारी पत्रकार दाखवायची आहे. काय सांभाळायचं?

पीडितेची ओळख. न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांबाबत पोक्सोचं (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं) कलम २३. नावाइतकंच शाळा, गल्ली, घराचा दरवाजा यांवरूनही ओळख पटते. 'भक्षक' (२०२४) मध्ये भूमी पेडणेकरची छोट्या वाहिनीची पत्रकार बालिकागृहातला अत्याचार बाहेर काढते. कथेने काल्पनिक गाव घेतलं आहे. प्रश्न १३ मधला मार्ग इथे दुप्पट काटेकोर वापरा.

१५. नायक चुकला, फसला, असं दाखवावं का?

जरूर. 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'मध्ये पत्रकार बर्नस्टीन एका वकिलाला फोनवर सांगतो की मी दहा आकडे मोजतो, बातमी चुकीची असेल तर फोन ठेवा. वकील फोन ठेवत नाही, बातमी छापली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती तोंडावर आपटते. गैरव्यवहार खरा होता. पण अमुक साक्षीदाराने ज्युरीपुढे असं सांगितलं, हा बातमीतला तपशील खोटा ठरला. मौनाला होकार समजण्याची ही चूक आजही होते.

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आणि जवळचं आहे. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे, असं दाखवणारी दिवाण माधवराव बर्वे यांची म्हणून सांगितली गेलेली पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली. कळवळा खरा होता, पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये बदनामीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. बेळगावपासून इतक्या जवळ घडलेल्या या प्रकरणात पूर्ण पटकथा दडलेली आहे: पत्रं आणणारा कोण, त्याचा फायदा काय, अक्षर कुणी ताडून पाहिलं?

तुमच्या नायकाने कागद आल्यावर हेच तीन प्रश्न विचारावेत. त्याखेरीज कागदावरचा जावक क्रमांक त्या कार्यालयाच्या नोंदवहीत आहे का, शिक्क्यावरचं पद त्या वर्षी अस्तित्वात होतं का आणि सहीच्या तारखेला तो अधिकारी तिथे नेमणुकीवर होता का, हे बघावं. बनावट कागद बहुतेक वेळा मजकुरात सापडत नाही, या बारीक ठिकाणी सापडतो.

१६. सीमाप्रश्न कथेत आणला तर एकांगी होईल का?

पत्रकाराला चळवळीचा प्रवक्ता केलंत तर होईल. १ नोव्हेंबरचा दिवस घ्या: बेळगावात त्याच दिवशी राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी भाषिकांचा काळा दिवसही. बातमीदाराला दोन्ही ठिकाणी जायचं असतं, दोन्हीकडचे आकडे मोजायचे असतात. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल दोन्ही राज्यं वेगवेगळी वाचतात. या गोष्टी पात्रांच्या तोंडी मतं म्हणून येऊ द्या. शोधाचा विषय मात्र असा निवडा ज्यात भाषा भेद करत नाही: वाळूउपसा, उसाचा काटा, रस्त्याचं बिल. मराठी वार्ताहर आणि कन्नड वार्ताहर एकमेकांना कागद वाचून दाखवतात, असा प्रसंग इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर खरा वाटेल.

१७. मंडळाच्या किंवा कॉलेजच्या सभागृहात हे चित्रपट दाखवता येतील का?

घरच्या ओटीटी वर्गणीवर सार्वजनिक प्रदर्शन करता येत नाही, तिकीट नसलं तरीही. हक्क असलेल्या कंपनीकडून लेखी परवाना घ्यावा लागतो. शिक्षण संस्थेला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असले तर. गावाला खुलं आमंत्रण दिलं की ती सवलत गेली. गणेशोत्सवात मांडवात दाखवायचा बेत असेल तर परवान्याबरोबरच ध्वनिक्षेपकाची पोलिस परवानगीही लागेल.

१८. शेवटी पत्रकार मेलाच पाहिजे का?

नाही. पत्रकार मारले जातात हे खरं आहे: जे. डे ११ जून २०११ ला पवईत, गौरी लंकेश ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरात. 'स्कूप'ने डे यांच्या खुनानंतर संशयाखाली तुरुंगात गेलेल्या जिग्ना व्होरा यांची बाजू घेतली आणि एका खुनाची झळ वार्ताहरांच्या सगळ्या वर्तुळाला कशी लागते ते दाखवलं. मृत्यू घेणार असाल तर तो मध्यावर घ्या आणि उरलेली बातमी कोण पुरी करतं, ते दाखवा. शेवटच्या दृश्यात नायक पडला की प्रेक्षक हळहळतो आणि घोटाळा विसरतो.

१९. नायक छापील पेपरचा असावा की यूट्यूब चॅनेलचा?

दोन्ही चालेल, नियम मात्र वेगळे. छापील नियतकालिकाला १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. संकेतस्थळं आणि चॅनेलच्या बातम्यांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात, त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. छापील पेपरमध्ये बातमी आणि वाचक यांच्यामध्ये उपसंपादक उभा असतो. एकट्याच्या चॅनेलवर तो नसतो, म्हणून प्रश्न १५ मधली पडताळणी दाखवायला तुम्हाला दुसरं पात्र लागेल. कॅमेरा धरणारी मैत्रीण चालेल, उतारे वाचता येणारे निवृत्त तलाठी तर उत्तमच. पेपरकडून मोबाइलकडे जाण्याचा प्रवासच विषय असेल तर 'रायटिंग विथ फायर' (२०२१) हा 'खबर लहरिया'च्या महिला पत्रकारांवरचा माहितीपट बघा. त्यातल्या बायका स्मार्टफोनवर चित्रण करायला शिकतात आणि त्याच हातांनी खाणमाफियाची बातमी करतात. फोनवरची अक्षरं ओळखण्यापासून त्यांची सुरुवात होते, ते दृश्य संहिता लिहायला घेण्याआधी दोनदा बघण्यासारखं आहे.